वाचकांचे प्रश्न : तालुक्याच्या गावात घडते तरी काय?

प्रश्न : मी परभणी जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी शिक्षिका आहे. गेल्या चार वर्षांत आमच्या गावातल्या साध्या माणसांवर मी सात कथा लिहिल्या. दोन संपादकांनी त्या परत पाठवल्या आणि दोघांचाही शेरा एकच होता : भाषा चांगली आहे, पण कथेत काही घडत नाही. आमच्या गावात खरोखरच फारसे काही घडत नाही. मग मी भूकंप, दुष्काळ असे मोठे विषय घ्यावेत का? नमुन्यादाखल एक कथा सोबत पाठवीत आहे.

उत्तर : आपली कथा मी दोनदा वाचली. मोंढ्यातील, म्हणजे धान्यबाजारातील, एका आडत दुकानावर छत्तीस वर्षे काम केलेले मुनीमजी निवृत्त होतात, शेठजी त्यांना शाल आणि श्रीफळ देतात, ते घरी येऊन ओसरीवर बसतात आणि जुने दिवस आठवतात, एवढे तिचे कथानक. संपादकांच्या शेऱ्याशी मी सहमत नाही, परंतु कथा त्यांनी परत केली यात त्यांची चूक झाली असेही मला वाटत नाही. मुनीमजी छत्तीस वर्षे काम करीत होते असे आपण तीन ठिकाणी सांगितले आहे. ते काम करताना मात्र एकदाही दिसत नाहीत.

मोंढ्यात मुनीम काय करतो, हे आपल्याला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक असणार. सोयाबीनचे दिवस आहेत, बाहेर हमालांची ओरड चालू आहे, आणि ज्याचे माप नुकतेच झाले तो शेतकरी गादीच्या कडेला टेकून पट्टीची वाट पाहत आहे. पट्टीवर वजन येते, भाव येतो, मग हमाली आणि तोलाई वजा होते आणि शेवटी पेरणीच्या वेळी घेतलेली उचल कापली जाते. शेतकऱ्याची नजर आधी त्या कापलेल्या ओळीवर जाते. हाती काय पडले ते तो नंतर पाहतो. आता समजा, त्याच्या मागे त्याचाच मेहुणा उभा आहे आणि मेहुण्याचेही त्याच्याकडे काही येणे आहे. मुनीमजी आकडा तोंडाने उच्चारीत नाहीत. ते पट्टी उलट्या बाजूने पुढे सरकवतात, शेवटच्या रकमेवर बोट ठेवतात आणि शेतकऱ्याने मान हलवली की बोट उचलतात. छत्तीस वर्षांत त्यांनी कोणाचा आकडा मोठ्याने वाचलेला नाही, कारण मोंढ्यात दुपारी मोठ्याने वाचलेला आकडा संध्याकाळी बसस्थानकासमोरच्या हॉटेलात चहाबरोबर फिरतो. मग ते निवृत्त होतात आणि त्यांच्या जागी संगणकावर बसणारा एक हुशार, स्वभावाने चांगला मुलगा येतो. तो छापील पट्टी हातात देतो आणि समोरच्याला वाचता येत नसेल या काळजीपोटी रक्कम खणखणीत आवाजात वाचून दाखवतो. माझ्या मते आपली कथा येथे सुरू होते, आणि तिच्यात भरपूर घडते.

लहान गावातील कथेबद्दल मला जे म्हणायचे आहे ते या एका बोटात आले. शहरातील कथेत माणसे एकमेकांना अनोळखी असू शकतात. तालुक्याच्या गावी प्रत्येकाला प्रत्येकाचे बरेचसे ठाऊक असते, आणि म्हणून कोणाला काय कळले, केव्हा कळले आणि कळूनही कोण गप्प राहिले, हीच तेथील घटना असते. आपल्या सातही कथांकडे या दृष्टीने पुन्हा एकदा पाहावे. ओसरीवरच्या आठवणी बहुतेक ठिकाणी काढून टाकता येतील.

मोठ्या विषयांना माझी हरकत नाही. ते गावात शिरतात ती वाट मात्र लहान असते. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे झाला, आणि आदल्या रात्री गणपतीचे विसर्जन होते. त्यावर लिहिताना ढिगाऱ्यांचे वर्णन करण्याची घाई प्रत्येकाला होते, पण मिरवणुकीत उशीर झाला म्हणून त्या रात्री मित्राच्या गावी थांबलेला आणि त्यामुळे वाचलेला एखादा माणूस पुढची तीस वर्षे विसर्जनाच्या दिवशी घराबाहेर पडतो की नाही, हे सांगायला कथा लागते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आले, ही बातमी झाली. टँकरच्या रांगेत लावलेली दुसऱ्याची घागर पायाने दोन बोटे मागे सारणारी बाई ही बातमीत येत नाही, आणि ती बाई आपल्या ओळखीची असते.

प्रश्न : कथेत मराठवाड्याची बोली फक्त संवादात वापरावी की निवेदनातही? (नांदेड जिल्ह्यातील एक वाचक)

उत्तर : दोन्ही रीती चालतात. रा. रं. बोराडे यांच्या १९७१ च्या ‘पाचोळा’ या कादंबरीत शिंप्याची बायको स्वतःच सारे सांगते, त्यामुळे निवेदन बोलीत असणे तेथे अटळ आहे. आपला निवेदक कोण आहे, हे आधी ठरवावे. तो बाहेरून पाहणारा असेल तर त्याला उगाच ‘लई’ म्हणायला लावू नये.

मात्र एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. मराठवाड्याची अशी एकच बोली नाही. ‘काय करायलाव’ म्हणणाऱ्या गावापासून ‘काय करूलालाव’ म्हणणारे गाव फार लांब नसते, आणि आपल्या बाजूला तर बिलोली-देगलूरकडे गेले की तेलुगू आणि कन्नड कानावर पडू लागते. शिवाय एकच माणूस दिवसभर एकसारखे बोलत नाही. तहसीलसमोर टेबल टाकून बसणारा अर्जनवीस घरी बायकोला ‘कामून’ विचारतो, गिऱ्हाइकाला ‘कशासाठी’ विचारतो, आणि अर्जात ‘सबब’ लिहितो. जमिनीच्या वादात १९५४-५५ चे खासरा पत्रक, म्हणजे जमिनीच्या नोंदीचा जुना कागद, काढले की तो त्याहूनही वेगळ्या, अदबीच्या सुरात बोलू लागतो. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत येथे निजामाचे राज्य होते आणि दरबारी कारभार उर्दूत चालत असे, त्यामुळे पेटीच्या तळाशी आजोबांचा उर्दू कागद असलेली आणि तो वाचणारा कोणी उरला नसलेली घरे आजही भेटतात. तो कागद वाचून घेण्यासाठी माणूस कोणाच्या दारात जातो आणि कोणत्या शब्दांत विनंती करतो, यात बोलीचा खरा उपयोग आहे. वाक्यावाक्याला ‘लई’ आणि ‘बग’ पेरल्याने मजकूर गावरान दिसतो, एवढेच. (या सदराकडे येणाऱ्या दर दहा कथांपैकी निदान चार कथांत मला हे पेरलेले आढळते, म्हणून थोडे चिडून लिहिले, आपला राग मानू नये.)

प्रश्न : नावे बदलूनही गावातले लोक स्वतःला ओळखतात आणि बोलणे बंद करतात. काय करावे? (अंबाजोगाई परिसरातील एक वाचक)

उत्तर : नाव बदलल्याने काही होत नाही, माणूस ओळखू येतो तो लकबीवरून. एकाचा व्यवसाय, दुसऱ्याचे घर आणि तिसऱ्याची लकब घेऊन चौथा माणूस उभा करावा. तरीही कोणीतरी रागावेलच, आणि माझा अनुभव असा की रागावणारा बहुधा तो असतो ज्याचा आपण लिहिताना विचारही केलेला नव्हता. त्याच्याकडे चहाला जावे. पुढची कथा तेथे मिळण्याचा संभव आहे.