गॅसमधलं सल्फर अमाइनने (अमोनियापासून बनणाऱ्या रसायनाने) काढतात, मग मुंबईत घरी येणाऱ्या पाइप गॅसला वास कसा?

तो वास मुद्दाम घातलेला असतो. गळती नाकाला कळावी म्हणून वितरणाआधी गॅसमध्ये अगदी थोडं मरकॅप्टन मिसळतात. गंमत म्हणजे तेही सल्फरचंच संयुग!

काढतात ते मुख्यतः हायड्रोजन सल्फाइड. ते विषारी असतं आणि ओलाव्यात पाइपलाइनचं पोलाद खातं. वसईजवळच्या समुद्रातल्या बेसिन क्षेत्राचा गॅस असाच 'आंबट'. त्यातला बराचसा गुजरातमधल्या हजिऱ्याला शुद्ध होतो.

हायड्रोजन सल्फाइड आम्लधर्मी, अमाइन अल्कधर्मी. उंच टॉवरमध्ये खालून गॅस सोडतात, वरून अमाइनचं पाण्यातलं द्रावण. जास्त दाब आणि साधारण ४० अंश तापमानाला दोघं जोडले जातात. मग तेच द्रावण दुसऱ्या टॉवरमध्ये कमी दाबाखाली १२० अंशांच्या आसपास तापवलं की जोडी तुटते आणि अमाइन पुन्हा वापरायला मोकळं. सुटलेल्या वायूपासून क्लॉस प्रक्रियेने पिवळा गंधक मिळतो.

कुठलं अमाइन, हा खरा प्रश्न. एमईए (मोनोइथेनॉलअमाइन) हायड्रोजन सल्फाइडसोबत कार्बन डायऑक्साइडसुद्धा पकडतं, आणि तापवायला वाफ भरपूर खातं. एमडीईएची (मिथाइलडायइथेनॉलअमाइन) कार्बन डायऑक्साइडशी अभिक्रिया संथ, म्हणून ते हायड्रोजन सल्फाइड निवडून उचलतं. मूळ गॅसमधलं मरकॅप्टन मात्र दोघांनाही नीट जमत नाही. ते जास्त असेल तर वेगळी सोय लागते.

चालवणाऱ्यांची डोकेदुखी म्हणजे फेस. द्रावण येणाऱ्या गॅसपेक्षा पाचेक अंश गरम ठेवतात, नाहीतर जड हायड्रोकार्बन त्यात द्रवरूप होतात आणि टॉवर फेसाळतो.