फूटरमधला जुना नंबर

रत्नागिरी, जुलै

चि.स अनेक आशीर्वाद.

तारकर्लीच्या होमस्टेच्या साइटची तुझी झिप फाइल काल रात्री उघडली. लाइट तीनदा गेली, त्यामुळे वाचून होईस्तो दोन वाजले. कोड नीट आहे, हात बसलाय तुझा. पण फोल्डरमध्ये 'तारकर्ली फायनल', 'तारकर्ली फायनल नवीन' आणि 'तारकर्ली फायनल हीच घ्या' ही तीन भावंडं शेजारी शेजारी नांदताना पाहिली आणि मला माझं डीटीपीचं दुकान आठवलं.

तेव्हा पेजमेकर होतं. एक लग्नपत्रिका जमली की पुढच्या गिऱ्हाइकासाठी तीच फाइल उघडायची, नावं बदलायची, 'सेव्ह ॲज'. एकदा वर बदलला, वधू बदलली, मुहूर्त बदलला. खाली 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं!' म्हणणारी पोरं मात्र आधीच्या घरचीच राहिली. दोनशे पत्रिका माझ्या खर्चाने परत छापल्या.

तूही तेच केलंयस. गुहागरच्या होमस्टेची साइट उचलून तारकर्लीची केलीस. जुना मोबाइल नंबर सात फायलींत होता, सहांत बदललास. 'नियम व अटी'च्या पानाखाली अजून गुहागरच वाजतंय. फूटर, म्हणजे पानाखालची पट्टी, सात ठिकाणी वेगवेगळा लिहिलेला असेल तर कुणाचंही असंच होणार. जँगो, जिंजा या साइट बांधायच्या साधनांत यासाठीच मूळ टेम्पलेट असतं: सांगाडा एकाच फायलीत, पानं फक्त आपापला ब्लॉक भरतात. हे तुला येतं, म्हणून पुढे जातो.

कुठली गोष्ट टेम्पलेटमध्ये ठेवायची आणि कुठली डेटाबेसमध्ये, हे मात्र तुला अजून उमगलेलं नाही. माझी एकच कसोटी आहे: ही गोष्ट बदलायची झाली तर फोन कुणाचा येणार? मालकाचा येणार असेल तर तो मजकूर, त्याची जागा डेटाबेसमध्ये. डिझायनरचा येणार असेल तर ते रंग-अंतरांच्या फायलीत. कुणाचाच येणार नसेल, तुलाच कधीतरी सुचणार असेल, तर टेम्पलेट.

आता तुझं मुखपृष्ठ बघ. 'सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या पावसामुळे बंद आहेत' हे वाक्य तू थेट टेम्पलेटमध्ये लिहिलंस. म्हणजे पाऊस सरला की मालक तुला फोन करणार, तू फाइल उघडणार, पुन्हा सर्व्हरवर चढवणार. दर जूनला परत तेच. त्याऐवजी 'सूचना' नावाचा साधा तक्ता कर: मजकूर, कधीपासून, कधीपर्यंत. तारखा मालक भरेल, टेम्पलेट फक्त आजची तारीख बघेल. हंगामाचे दरही तसेच.

पण म्हणून सगळंच मालकाच्या हाती देऊ नकोस. मी एकदा दिलं होतं. त्यांनी वर्डमधून मजकूर चिकटवला आणि त्याबरोबर जांभळा रंग, चार प्रकारचे फाँट आणि पान फाडून बाहेर जाणारा तक्ता आला. मालकाला रकाने दे: शीर्षक, वर्णन, दर, फोटो. आणि ठळक अक्षर हवं म्हणाले म्हणून टेम्पलेटमध्ये 'सेफ' फिल्टर (आलेला मजकूर कोडसकट जसाच्या तसा पानावर टाकणारा) लावून मोकळा होऊ नकोस. त्या वाटेने कुणाची स्क्रिप्टही आत येते.

खरी गंमत देवनागरीत आहे. तुझं डिझाइन इंग्रजी मजकूर भरून मंजूर झालं, हे मी न विचारता ओळखलं, कारण मथळ्यात 'वेंगुर्ले' लिहून पाहिलं. वर अनुस्वार, मात्रा, रफार, खाली उकार. लाइन-हाइट, म्हणजे ओळीची उंची, 1.1 आणि चौकटीबाहेरचं कापलेलं, त्यामुळे रफार अर्धा छाटला गेला. फिग्मात, जिथे डिझाइन काढतोस तिथे, पहिल्या दिवसापासून खरी गावं भर, 'लोरेम इप्सम'चा भरीचा मजकूर नको. आणि 'उपलब्ध: 1 खोल्या' हे काय? आकडा आणि शब्द चिकटवून वाक्य होत नाही. गेटटेक्स्टमध्ये (साइटवरची वाक्यं भाषेनुसार ठेवायचं साधन) एकवचनाचं आणि अनेकवचनाचं अशी दोन पूर्ण वाक्यं ठेव.

अजून एक, जे मला समजायला एक अख्खी दुपार गेली. 'किनाऱ्यावर' शोधलं तर निम्म्या नोंदी सापडेनात, आणि पडद्यावर सगळे शब्द सारखेच. शेवटी कोड पॉइंट, म्हणजे प्रत्येक अक्षराचे युनिकोडमधले क्रमांक, छापून पाहिले. त्यातला 'ऱ्य' युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो: 'ऱ' हे वेगळं अक्षर घेऊन, किंवा साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारं जोडचिन्ह घालून. दोन्ही बरोबर, आणि नेहमीचं नॉर्मलायझेशनही (एकाच अक्षराच्या वेगळ्या तऱ्हा एकसारख्या करणं) त्यांना एक करत नाही. त्यामुळे मजकूर साठवतानाच एक तऱ्हा ठरव आणि दुसरी तिच्यात बदलून घे. आपल्याकडे किनारा प्रत्येक पानावर असतो, म्हणून सांगतोय.

डिझाइनच्या फायलींबद्दल थोडंच. गिट, म्हणजे फायलींच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन, मजकुराच्या दोन आवृत्त्या जुळवतं, पीएसडीच्या (फोटोशॉपच्या फायलींच्या) नाही. दोघांनी एकाच वेळी उघडली तर एकाचं काम गेलं. मूळ फाइल एकाच जागी आणि एका वेळी एकाच्याच हातात, रेपोत, म्हणजे गिटच्या साठ्यात, फक्त बाहेर काढलेली एसव्हीजी चित्रं आणि फोटो. फिग्मात ज्याला 'रूम कार्ड' म्हणतोस त्याचं टेम्पलेटमध्ये 'बॉक्स 2' करू नकोस. आंब्याच्या पेटीचा दर फोटोवरच लिहिलेला बॅनर काढून टाक, दर रोज बदलतो. आणि मोबाइलमधून आलेले चार-चार एमबीचे फोटो तसेच चढवू नकोस. आंबा घाटात रेंज कशी असते ते तुला माहीत आहे.

आधी तो सातवा नंबर बदल. गुहागरच्या काकू किती जणांना तारकर्लीचा रस्ता सांगणार? मग तिन्ही भावंडांतलं एकच ठेव, बाकीचा इतिहास गिट सांभाळेल. पुढच्या वेळी झिप नको, रेपोची लिंक पाठव. फणसाचे गरे तळून ठेवलेत, गणपतीला येशील तेव्हा घेऊन जा.

तुझा,
काका