ख्रिस्ती बाईने इन्चार्ज व्हायची इच्छा धरणं चुकीचं आहे का?

तुम्ही लिहिलंय की इंदूरच्या एका खासगी हॉस्पिटलात तुम्ही स्टाफ नर्स आहात. मेडिकल वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टर निवृत्त होताहेत आणि मेट्रननी तुम्हाला अर्ज द्यायला सांगितलंय. जागा तुम्हाला मनापासून हवी आहे. पण चर्चच्या मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या बाईंनी बायबलातल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या ४५व्या अध्यायातलं वचन काढून दाखवलं, की स्वतःसाठी मोठाल्या गोष्टींच्या मागे लागू नको, आणि तेव्हापासून अर्ज पर्समध्येच आहे. त्यात तुमच्याहून जुनी एक सहकारी त्याच जागेसाठी अर्ज देणार आहे. ही इच्छा पाप आहे का, आणि नसेल तर धैर्य कुठून आणायचं, असा तुमचा प्रश्न.

अर्ज द्या. मी याच शहरात नर्सिंगमध्ये आयुष्य काढलं, त्यातली बरीच वर्षं इन्चार्ज म्हणून. तेव्हा हॉस्पिटल आणि पवित्र शास्त्र म्हणजे बायबल, दोन्हीकडून सांगते.

आधी ते वचन, कारण तुम्हाला अडवलंय ते त्यानंच. तो अध्याय जेमतेम पाच वचनांचा आहे आणि एकाच माणसाला उद्देशून आहे. तो माणूस बारूख, यिर्मयाचा लेखनिक. शिकलेला, चांगल्या घरचा. त्याचा भाऊ सराया राजदरबारी अधिकारी होता, म्हणजे बारूखालाही दरबारात वर चढायची वाट होती. त्याऐवजी तो ज्याला कुणी ऐकून घेत नव्हतं अशा एका संदेष्ट्याची भाषणं उतरवून घेत बसला होता. तो कण्हतोय, थकलोय म्हणतोय, चैन नाही म्हणतोय. देव त्याला सांगतो, मी उभारलेलंच आता मी मोडतोय, अशा वेळी तू स्वतःपुरतं काही मोठं मागू नकोस. पण जाशील तिथे तुझा जीव मी वाचवीन. लोक पहिला भाग सांगतात आणि हा शेवट सोडून देतात.

आता त्याच पुस्तकाचा ३६वा अध्याय काढा. ४५व्या अध्यायातलं वचन बारूखाला मिळालं ते यहोयाकीम राजाच्या चौथ्या वर्षी. पुढच्याच वर्षी, नवव्या महिन्यात, हाच बारूख मंदिरात सगळ्या लोकांसमोर उभा राहून यिर्मयाची भाषणं उतरवलेली गुंडाळी मोठ्याने वाचतो. मग सरदारांपुढे पुन्हा वाचतो. सरदारच घाबरतात आणि त्याला म्हणतात, तू आणि यिर्मया लपून बसा, कुठे आहात ते कुणाला कळू देऊ नका. राजा हिवाळ्याच्या महालात शेगडीपुढे बसलेला. तीन-चार रकाने वाचून झाले की तो चाकूने तेवढा भाग कापतो आणि विस्तवात टाकतो, असं करत करत सगळी गुंडाळी जळते. त्यानंतर बारूख काय करतो? दुसरी गुंडाळी घेतो आणि पहिल्या शब्दापासून पुन्हा लिहून काढतो, वर आणखी भर घालून. ते लिखाण उरलं म्हणून तर आज तुम्ही-आम्ही यिर्मया वाचतो.

जो माणूस ‘मोठाल्या गोष्टी शोधू नको’ हे ऐकून वर्षभरात भर मंदिरात उभा राहतो, तो काही कोपऱ्यात बसायला शिकलेला नव्हता. देवाने त्याची स्वतःपुरती स्वप्नं काढून घेतली आणि काम हातात ठेवलं. तुम्हाला ते वचन दाखवणाऱ्या बाईंना तुमची काळजीच असेल. पण त्या वचनाच्या आधारे तुम्ही अर्ज दाबून ठेवत असाल तर बारूखाने जे केलं त्याच्या नेमकं उलट होतंय.

याकोब आणि योहान या शिष्यांची आई येशूकडे मुलांसाठी उजव्या-डाव्या हाताच्या जागा मागायला आली, ते तुम्हाला पाठ असेल. मला त्यात एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. प्रभूने त्यांना हाकलून दिलं नाही. ‘मी पिणार आहे तो प्याला तुम्हाला पिता येईल का?’ एवढं विचारलं. प्याला म्हणजे वाट्याला येणारं दुःख. मोठं व्हायचं असेल त्याने सेवक व्हावं, असं सांगून मोठं होण्याचा रस्ता उघडा ठेवला, फक्त कुठून जातो ते दाखवलं. म्हणून मीही तुम्हाला प्याल्याचंच विचारते. इन्चार्जचं काम म्हणजे काय, हे तुम्ही बघितलंय का?

लांबून टेबल आणि वेगळा युनिफॉर्म दिसतो. आत गेल्यावर पहिली गोष्ट हातात येते ती महिन्याच्या ड्यूटीची यादी. दिवाळीच्या रात्री कोण, २४ डिसेंबरच्या रात्री कोण? बहुतेक वॉर्डांत या रात्री त्याच मुलींच्या वाट्याला जातात ज्यांच्यासाठी बोलणारं कुणी नसतं: नवीन लागलेल्या, हॉस्टेलवर राहणाऱ्या, केरळहून आलेल्या. ही यादी एक बाई पेनाने लिहिते आणि त्या पेनात न्याय करायची ताकद असते. मग इमर्जन्सी ट्रॉली. रोज सकाळी ट्रे उघडून अॅड्रिनॅलिनच्या अँप्यूलवरची तारीख बघणं, घशात नळी घालताना लागणाऱ्या लॅरिंगोस्कोपचा दिवा लागतो की नाही ते बघणं. स्टँडबाय ऑक्सिजन सिलेंडरची चावी सिलेंडरलाच दोरीने बांधलेली आहे की कुणा वॉर्डबॉयच्या खिशातून घरी गेली? रात्री दोनला पेशंटचा श्वास अडकतो तेव्हा ती चावी शोधत धावणारी नर्स मी पाहिली आहे. वॉर्ड भरलेला असतो आणि नाइटला एकच सिस्टर असते. दुसरी मिळावी म्हणून मॅनेजमेंटपुढे महिन्याच्या महिन्याला तोंड उघडावं लागतं, आणि ते तोंड इन्चार्जचं असतं. पेशंटचे नातेवाईक ओरडतात तेही तिच्यावर, डॉक्टर चिडतात तेही. घरी जायला उशीर होतो, पगार फारसा वाढत नाही.

हे सगळं वाचून तुम्हाला आतून ‘हो, हे मला करायचंय’ असं वाटत असेल, तर ती इच्छा मी देवाची देणगी समजेन. देवाकडून आलेली महत्त्वाकांक्षा बहुतेक वेळा अशीच दिसते: समोर काहीतरी चुकीचं चाललेलं असतं आणि ते सुधारायचा अधिकार आपल्याकडे नसतो, हे सहन होत नाही.

आपल्या मराठी ख्रिस्ती लोकांना तर यासाठी लांब बघायला नको. पंडिता रमाबाईंनी १८८२ मध्ये शिक्षणाविषयीच्या सरकारी हंटर कमिशनपुढे साक्ष देताना हिंदुस्थानात बायकांना शिक्षिका हव्यात, स्त्री-डॉक्टर हव्यात, असं सांगितलं. तेव्हा त्या पंचवीस वर्षांच्याही नव्हत्या आणि नवरा त्याच वर्षी गेला होता. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला, मग अमेरिकेत फिरून त्यांनी पैसा उभा केला आणि १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन ही शाळा काढली. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या इकडे मध्य प्रांतात स्वतः आल्या आणि उपाशी मुलींना घेऊन गेल्या. शिवाय हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं शास्त्र मराठीत आणायला घेतलं, आणि १९२२ मध्ये देवाघरी जाण्याआधी ते काम पुरं केलं. या बाईला कुणी ‘मोठं काही मागू नको’ म्हणून थांबवलं असतं तर? आज आपल्या घराघरातल्या किती बायका शिकल्या असत्या, याचा विचार करा.

धैर्याचं विचारलंत, तर इंदूरच्या माणसाला सिस्टर रानी मारियांची आठवण व्हायलाच हवी. त्या कॅथलिक नन, मी दुसऱ्या मंडळीतली, पण त्यांच्यापुढे मला हा फरक उरत नाही. केरळच्या या बाई १९९२ मध्ये देवास जिल्ह्यातल्या उदयनगरला आल्या. तिथले आदिवासी शेतकरी सावकारांच्या कर्जात पिढ्यान् पिढ्या अडकलेले. सिस्टरनी त्यांना बँकेचं कर्ज कसं काढायचं, सरकारी योजनांचा फायदा कसा घ्यायचा, ते शिकवलं, त्यांची जूट बांधली. ज्यांचा धंदा बुडत होता ते खवळले. २५ फेब्रुवारी १९९५ ला त्या केरळला घरी जायला म्हणून उदयनगरहून इंदूरच्या बसमध्ये बसल्या आणि वाटेत, भरल्या बसमध्ये त्यांना भोसकून मारण्यात आलं. वय एकेचाळीस. पुढे त्यांच्या सख्ख्या बहिणीने, त्याही नन, तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. ४ नोव्हेंबर २०१७ ला इथे इंदूरलाच रानी मारियांना ‘धन्य’, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी, घोषित केलं गेलं.

तुमच्यावर दडपण यावं म्हणून मी हे सांगत नाही. त्यांचं रोजचं काम काय होतं ते बघा. फॉर्म भरणं, बँकेत जाणं, लोकांना एकत्र बसवणं, अधिकाऱ्याच्या दारात पुन्हा पुन्हा उभं राहणं. धैर्य तिथे जमत गेलं. बसमधल्या त्या दिवसासाठी वेगळं धैर्य त्यांनी कुठून आणलं नव्हतं. तुमचंही तसंच होईल. अर्ज टेबलावर ठेवताना हात थरथरला तरी चालतं, थरथरत्या हाताने दिलेला अर्जही घेतला जातो.

आता तुमच्या सहकारी. इच्छा निरोगी आहे की बिघडायला लागली आहे, हे मला प्रार्थनेत कमी आणि ड्यूटीवर जास्त कळत आलंय. त्यांच्या हातून औषधाची वेळ चुकली आणि तुम्हाला आतून थोडं बरं वाटलं, तर तिथे थांबा आणि देवापुढे ते नाव घेऊन बोला. ज्युनिअर मुलीला सेंट्रल लाइनची ड्रेसिंग शिकवताना तुम्ही एखादी गोष्ट मुद्दाम हातची राखलीत, तर तेही लक्षण. चार्ज देताना रजिस्टरमध्ये त्यांची चूक ठळक अक्षरात लिहिली जातेय का, तेही बघा. हे होत असेल म्हणून अर्ज मागे घ्यायची गरज नाही, मनावर लक्ष ठेवायची गरज आहे.

आणि अर्ज देण्याआधी त्यांना स्वतः जाऊन सांगा. कॅन्टीनमध्ये, चहा घेताना, सरळ: ताई, मीही अर्ज देतेय, तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून सांगायला आले. मुलाखतीपेक्षा हे अवघड आहे. पण कोण निवडलं गेलं तरी नंतर त्याच वॉर्डात दोघींना एकमेकींच्या हाताखाली काम करायचंय.

मुलाखतीसाठी बायबलातल्या नहेम्याच्या पुस्तकाचा दुसरा अध्याय वाचून जा. नहेम्या पारसाच्या राजाच्या चाकरीत होता आणि त्याला यरुशलेमेचा पडलेला कोट पुन्हा बांधायचा होता. राजाने त्याला विचारलं, तुझं काय मागणं आहे? तो फार भ्याला होता, हे तो स्वतःच लिहितो. मनातल्या मनात प्रार्थना केली आणि मग एकेक गोष्ट मागितली: किती दिवस लागतील, कुणाकुणाच्या नावे पत्रं हवीत, वेशींच्या तुळयांसाठी कुठल्या रानातलं लाकूड हवं. आधी चार महिने तो प्रार्थनाही करत होता आणि हे सगळं डोक्यात मांडतही होता. तुम्हीही ‘मला संधी मिळावी’ एवढंच बोलून येऊ नका. नाइटला दुसरी सिस्टर कशी बसवता येईल, सणांच्या ड्यूट्या पाळीने कशा लावता येतील, ट्रॉली रोज कोण तपासेल, हे एका कागदावर लिहून न्या आणि मेट्रनपुढे ठेवा. जागा तुमच्या सहकाऱ्याला मिळाली, तर तो कागद त्यांना द्या.