आधी मिळालेले तीनशे रुपये

चि. बाळा,
अनेक आशीर्वाद.

केळी विकून पट्टीत आलेले चाळीस हजार क्रिप्टोत, म्हणजे त्या इंटरनेटवरच्या आभासी चलनात, टाकायचं म्हणतोस. टेलिग्राम ग्रुपमधल्या 'मॅडम'नी दिलेल्या अ‍ॅपमध्ये पंधराशे टाकले, अठराशे परत आले, म्हणून तुझा भरवसा बसला. अरे, ते वरचे तीनशे म्हणजे गळाला लावलेली कणीक. असे भामटे पहिली रक्कम परत देतातच.

पुढे अ‍ॅपवरचा आकडा फुगत जातो. त्यामागे नाणं नसतं, नुसती टाइप केलेली संख्या असते. मोठी रक्कम काढायला गेलं की मेसेज येतो, 'आधी 30 टक्के कर भरा.' माणूस फसतो तो इथे, कारण क्रिप्टोच्या नफ्यावर 30 टक्के कर खरोखरच आहे. पण तो आपण थेट आयकर खात्याला भरतो. भारतातलं एक्स्चेंज, म्हणजे क्रिप्टो घ्यायचा-विकायचा ऑनलाइन बाजार, विक्रीच्या वेळी 1 टक्का टीडीएस कापतं, तोही विक्रीच्या रकमेतूनच. स्वतःचे पैसे काढायला कोणी वरून पैसे मागितले, तर एक रुपयाही देऊ नको.

घ्यायचंच असेल तर एक्स्चेंज एफआययू-इंडियाकडे, म्हणजे संशयास्पद पैशांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी खात्याकडे, नोंदलेलं आहे का ते बघ. जळगावला सराफाकडे अंगठीवरचा सहा अक्षरी हॉलमार्क नंबर बघतोस ना, तसं. नोंद आहे म्हणून भाव पडणार नाही असं मात्र नाही. लिंकवरून आलेली एपीके फाइल (प्ले स्टोअरबाहेरून आलेलं प्रोग्रॅम बसवायचं पुडकं) फोनमध्ये घ्यायचीच नाही. पाचशे रुपयांचं घे, विक, पैसे स्वतःच्या बँकेत आण, मग पुढचं.

स्वतःचं वॉलेट, म्हणजे क्रिप्टो ठेवायचं डिजिटल पाकीट, केलंस तर 12 किंवा 24 शब्दांचा सीड फ्रेज मिळेल; ती त्या पाकिटाची किल्लीच. तो कागदावर लिही. फोटो काढलास तर तो गॅलरीतून क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या साठ्यात, जाऊ शकतो. 'कस्टमर केअर'वालासुद्धा हे शब्द मागत नाही. मागितले तर तो चोरच.

क्रिप्टो पाठवताना समोरच्याच्या वॉलेटचा पत्ता (खाते नंबरासारखी अक्षरांची ओळ) जुन्या व्यवहारांच्या यादीतून कॉपी करू नको. ट्रॉन नावाच्या क्रिप्टो नेटवर्कवरचा पत्ता 34 अक्षरांचा असतो. भामटे पहिली चार आणि शेवटची चार अक्षरं जुळणारा पत्ता बनवतात, त्यावरून चिल्लर पाठवतात आणि तुझ्या यादीत येऊन बसतात. म्हणून मधलीही आठ-दहा अक्षरं ताडून बघ. गेलेला व्यवहार उलटत नाही.

पी-टू-पीत, म्हणजे थेट दुसऱ्या माणसाला, विकताना पैसे पाठवणाऱ्याचं बँकेतलं नाव अ‍ॅपवरच्या नावाशी जुळत नसेल, तर कॉइन सोडू नको. ते पैसे दुसऱ्या कुणाच्या फसवणुकीचे निघाले तर तुझ्या खात्यावर होल्ड लागतो, अन् केळीचं पेमेंट, पीककर्ज सगळं त्याच खात्यात अडकतं. यासाठी खातं वेगळंच ठेव.

तरीही फसलासच तर लाजत बसू नको. लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन कर, जितका लवकर तितकं बरं. पैसे पुढे सरकायच्या आत खातं गोठवता येतं. यूटीआर नंबर (बँक व्यवहाराचा क्रमांक), वॉलेटचा पत्ता, स्क्रीनशॉट हाताशी ठेव, चॅट डिलीट करू नको. आणि 'फी द्या, गेलेले पैसे काढून देतो' म्हणणारा दोन दिवसांत फोन करेल. तो बहुधा त्याच टोळीतला.

तुझा,
काका