अभिवादन, श्रद्धांजली आणि तो तुषजक

प्रश्न असा आलाय की आमच्या मंडळाचा ६ डिसेंबरचा बोर्ड आहे, त्यावर बाबासाहेबांना "भावपूर्ण श्रद्धांजली" लिहायचं, "आदरांजली" लिहायचं की "विनम्र अभिवादन", कारण ओळखीतले एक सर म्हणतात की अभिवादन फक्त जिवंत माणसाला करतात, गेलेल्याला नाही.

अभिवादन लिहा. झालं उत्तर. आता जरा बोलू द्या, कारण हा विषय माझ्या फार दिवस डोक्यात बसलाय.

आधी वैताग काढून टाकतो. १४ एप्रिलला "जयंतीनिमित्त भावपूर्ण श्रद्धांजली" आणि ६ डिसेंबरला "महापरिनिर्वाण दिनाच्या हार्दिक शुभेच्छा", हे दोन्ही मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय, एकदा नाही दरवर्षी. शुभेच्छा कसल्या देताय? माणूस गेल्याच्या दिवशी? फोनवर तयार इमेज मिळते, नाव बदललं की काम झालं, वाचतंय कोण. आणि ही अंजलीची साथ तर विचारूच नका, आदरांजली झाली, शब्दांजली झाली, स्वरांजली झाली, उद्या कुणीतरी डीजेंजली काढेल. अंजली म्हणजे आपली ओंजळ, त्याच शब्दापासून आली, तेव्हा जे ओंजळीत धरता येत नाही ते तिला जोडताना दोन मिनिटं थांबावं एवढंच म्हणणं आहे.

श्रद्धांजली शब्द वाईट नाही. काल-परवा माणूस गेलाय, दुःख ओलं आहे, तिथे तो बसतो. पण श्रद्धा आणि श्राद्ध एकाच घरातले, आणि मेलेल्याला अंजली म्हटलं की जलांजली, तिलांजली, तर्पणाचं ते सगळं मागून येतंच (मराठीत तर "तिलांजली देणे" म्हणजे कायमचं सोडून देणे!). आता बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या त्यातली सहावी आठवा, श्राद्धपक्ष करणार नाही, पिंडदान करणार नाही. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, ६ डिसेंबरला, ते दिल्लीत गेले. ज्यांनी ती प्रतिज्ञा घेतली त्यांच्या जिभेला ती ओंजळ जड वाटली असणार आणि म्हणून अभिवादन रुळलं, असा माझा अंदाज आहे. अंदाजच, पण मला तो फार आवडतो.

आता सरांकडे येऊ. सरांचं म्हणणं हवेतून आलेलं नाही हे मान्य. अभिवादन म्हणजे अभि अधिक वद्, पण साधं वद् नाही, प्रयोजक. करणे-करवणे असतं ना, तसं बोलणे-बोलवणे. "अभिवादये" म्हणजे ढोबळमानाने "मी तुमच्याकडून बोलवून घेतो". आपण नमस्कार म्हणतो तेव्हा आपण वाकतो आणि विषय संपतो, इथे तसं नाही, इथे स्वतःचं नाव सांगायचं, मी अमुक अमुक, आणि समोरच्या वडीलधाऱ्याने ते नाव घेऊन उत्तर द्यायचं. त्या उत्तराला प्रत्यभिवादन म्हणतात. म्हणून सर म्हणतात, गेलेला माणूस उत्तर कसं देणार. बरोबर वाटतं ऐकायला.

पण सरांनी पुढची पानं उलटलेली दिसत नाहीत. उत्तर देताना नावाचा शेवटचा स्वर लांबवायचा असतो, "आयुष्मान् भव देवदत्ताऽऽ" असा. याला प्लुत म्हणतात, ह्रस्वाची एक मात्रा, दीर्घाच्या दोन, प्लुताच्या तीन. कोंबडा आरवतो त्यात शेवटी जो लांबतो तो, किंवा आई खालून "ए बाळ्याऽऽ" म्हणते तो. तर संस्कृतचं व्याकरण लिहिणाऱ्या पाणिनीचं सूत्र आहे, आठव्या अध्यायात, "प्रत्यभिवादेऽशूद्रे". प्रत्यभिवादनात स्वर लांबवा, शूद्र सोडून! नंतरच्यांनी त्या अपवादात बायकांनाही घातलं. म्हणजे माणसाच्या नावाला लाडाने लांबवायची जी जागा, तिथेच जात उभी. गंमत बघा, लगेच पुढचं सूत्र लांबून हाक मारण्याचं आहे, तिथेही प्लुत आहे, पण तिथे ही अट नाही. लांबून बोलवायला कुणीही चालतं.

आणि माझा सगळ्यात लाडका भाग. व्याकरणाच्या जुन्या टीकाग्रंथांमध्ये या नियमाचं उदाहरण देताना शूद्राचं नाव काय घेतलंय माहितीये? तुषजक. त्यातला तुष म्हणजे आपलं तूस, भाताचं, कोंडा. आपण अजून गिरणीत म्हणतो तेच तूस! मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नियमच आहे की शूद्राचं नाव घृणा वाटेल असं असावं. आता कचरू, दगडू, धोंडू, उकिरड्या ही आपल्याकडची नावं आठवा. हो हो, मुलं जगत नव्हती म्हणून दृष्ट लागू नये यासाठी पण ठेवायचे, आमच्या आजोळी एक दगडू ब्राह्मणाचाच होता, तेव्हा सगळंच मनूवर ढकलता येत नाही. पण तुषजक वाचला त्या दिवशी मी पुस्तक मिटून जरा वेळ गप्प बसलो होतो. बिचारा या टीकाग्रंथांमध्ये येऊन रीतसर स्वतःचं नाव सांगतो आणि दरवेळी उत्तरात त्याचं नाव आखूड येतं.

मनुस्मृतीच्या त्याच दुसऱ्या अध्यायात हेही आहे की ज्या विप्राला प्रत्यभिवादन येत नाही त्याला अभिवादन करू नये, "जसा शूद्र तसाच तो". ही पोथी २५ डिसेंबर १९२७ ला महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली जाळली, त्याच वर्षी २० मार्चला चवदार तळ्याचं पाणी पिऊन झाल्यावर. आणि आज ज्याला सगळ्यात जास्त बोर्डांवर अभिवादन मिळतं तो माणूस कोण? म्हणजे शब्द त्यांनी जाळला नाही, काढून घेतला. शब्दांच्या बाबतीत असं फार कमी वेळा होतं. संस्कृतवाले म्हणतील मूळ अर्थ बिघडला, म्हणू देत, तो मूळ अर्थ कुणाला लागू होता ते वर लिहिलंय.

उत्तर कोण देणार, हा सरांचा प्रश्न राहिला. दादरला चैत्यभूमीवर ६ तारखेला रांगेत उभं राहून बघा, पहाटे गेलात तर समुद्राचा वारा झोंबतो, शाल न्या. ओळख ना पाळख, एक म्हणतो जय भीम, दुसरा म्हणतो जय भीम. रूढ करण्याचं श्रेय कामठीच्या बाबू हरदासांना देतात, १९३७ ला आमदार झाले आणि १९३९ ला पस्तिशीतच गेले. आधी काय होतं, तर महारांचा जोहार, जो एका बाजूनेच घालायचा, खालून वर. जय भीममध्ये जेवढं जातं तेवढंच परत येतं, थोरला-धाकटा काही नाही. आणि घोषणा देतात तेव्हा नीट कान देऊन ऐका, जय भीऽऽम, तीन मात्रा स्वच्छ मोजता येतात. पाणिनीला इथे आणायचं म्हणजे माझंच वेड आहे, लांबवर ओरडताना कुणीही स्वर ताणतंच, शिवाय तो नावाच्या शेवटी नाही मध्ये ताणलाय, सगळं कळतं मला. तरी दरवेळी तुषजक आठवतो त्याला मी काय करू.

बरं, बोर्ड. मोठ्या अक्षरात "महामानवास विनम्र अभिवादन", खाली "महापरिनिर्वाण दिन, ६ डिसेंबर". महापरिनिर्वाण फक्त बुद्धाचं म्हणून भांडायला कुणी आलं तर माझ्याकडे पाठवा, तो वेगळा लेख होईल. प्रूफ स्वतः तपासा, बोर्डवाले "विन्रम" छापतात, म च्या पायाशी असायला हवा तो र न ला चिकटतो आणि मग वर्षभर फोटोत तसाच राहतो. मागे एका ठिकाणी "अभीवादन" पण बघितलंय, दीर्घ भी. आणि खाली ते शुभेच्छुक म्हणून चाळीस जणांचे फोटो टाकणार असाल तर निदान "शुभेच्छुक" तरी काढा हो, "अभिवादनकर्ते" लिहा.