द्राक्ष निर्यात: परवान्याआधी छाटणीचा विचार

प्रश्न : तासगाव तालुक्यात माझी अडीच एकर थॉमसन सीडलेसची बाग आहे. आजवर माल बागेवरच व्यापाऱ्याला देत आलो. तीन वर्षांपूर्वी परगावच्या एका व्यापाऱ्याने निम्म्या रकमेचा धनादेश दिला, तो वटला नाही आणि नंतर त्याचा फोनही लागला नाही. म्हणून आता स्वतःच्या नावाने युरोपला द्राक्षे पाठवावीत असा विचार आहे. ऑक्टोबरमध्ये फळछाटणी झाली असून फेब्रुवारीत माल येईल. परवाना कसा काढावा? (एक बागायतदार, तासगाव)

उत्तर : परवान्याचा भाग सोपा आहे, म्हणून तो आधी उरकतो. विदेश व्यापार महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर ५०० रुपये शुल्क भरून आयात-निर्यात सांकेतांक मिळतो. तो आपल्या पॅन क्रमांकावरच आधारलेला असतो आणि दरवर्षी एप्रिल ते जून या काळात त्यातील माहिती अद्ययावत करावी लागते, अन्यथा तो निष्क्रिय होतो. त्यानंतर अपेडाकडे, म्हणजे शेतमालाच्या निर्यातीचे काम पाहणाऱ्या केंद्र सरकारच्या प्राधिकरणाकडे, नोंदणी करून सदस्यत्वाचे प्रमाणपत्र घ्यावे. ही दोन्ही कामे घरबसल्या होतात. मात्र हे कागद हाती आले म्हणजे माल युरोपात जाऊ शकतो असे नाही, कारण तिथे आपल्या नावाआधी आपल्या बागेची चौकशी होते.

ही चौकशी का सुरू झाली हे समजून घेतले, तर पुढचे नियम जाचक वाटणार नाहीत. २००३ साली नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांत कीडनाशकांचे अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडले आणि माल अडकला. त्यानंतर अपेडाने ‘ग्रेपनेट’ ही संगणकीय व्यवस्था उभी केली. तिच्यात प्रत्येक प्लॉटची कृषी विभागाकडे नोंद होते, अधिकृत प्रयोगशाळेचा माणूस स्वतः बागेत येऊन नमुना घेतो, आणि अंश मर्यादेत निघाले तरच तो माल नोंदणीकृत पॅकहाऊसमध्ये भरता येतो. पुढे ॲगमार्कचे प्रतवारी प्रमाणपत्र आणि कृषी विभागाच्या प्राधिकृत अधिकाऱ्याचे फायटोसॅनिटरी, म्हणजे माल कीड-रोगमुक्त असल्याचे, प्रमाणपत्र लागते. परदेशातील गोदामात एखादी पेटी सदोष निघाली, तर ती कोणत्या गावच्या कोणत्या प्लॉटमधून आली हे तिच्यावरील क्रमांकावरून शोधता येते. प्लॉटच्या नोंदणीचे दर हंगामाला नूतनीकरण करावे लागते व त्याला मुदत असते. आपली नोंदणी नसेल, तर हा अंक वाचून होताच तालुका कृषी अधिकारी कार्यालयात जावे.

आता मुख्य मुद्दा. आपण फळछाटणीनंतर विचारता आहात, आणि निर्यातीच्या दृष्टीने हा उशीर आहे. २०१० च्या हंगामात हाच धडा फार महागात पडला होता. खरडछाटणीनंतर, म्हणजे फळछाटणीच्या आधी उन्हाळ्यात होणाऱ्या छाटणीनंतर, वेलीची वाढ रोखून काडीत घड निर्मिती चांगली व्हावी म्हणून आपल्याकडे क्लोरमेक्वॉट क्लोराइड, म्हणजे बागायतदारांच्या तोंडी असलेले ‘सीसीसी’, फवारले जात असे. उन्हाळ्यात मारलेल्या या औषधाचा अंश वेलीत टिकून राहिला आणि पुढच्या वर्षीच्या फळात युरोपातील तपासणीत सापडला. आपल्याकडील तपासणीच्या यादीत तेव्हा ते नव्हते, त्यामुळे इथे ‘पास’ झालेला माल तिथे नापास झाला. ज्यांनी फळछाटणीनंतर एकही चुकीची फवारणी केली नव्हती, अशांचाही माल अडकला. त्यामुळे निर्यातीचा निर्णय खरडछाटणीच्या वेळीच घ्यावा लागतो, आणि तेव्हापासून प्रत्येक फवारणीची तारीख, औषध व मात्रा वहीत उतरवावी लागते. आठवून, एकाच बैठकीत, एकाच शाईने भरलेली वही तपासणाऱ्याच्या लगेच लक्षात येते.

ज्या औषधासाठी युरोपीय संघाने वेगळी मर्यादा ठरवलेली नाही, त्याला किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम ही सर्वसाधारण मर्यादा लागू होते. सोप्या हिशेबाने सांगायचे, तर हजार टन द्राक्षांत दहा ग्रॅम. पुण्याजवळील मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने शिफारस केलेल्या औषधांची यादी दरवर्षी प्रसिद्ध होते. तिच्यात प्रत्येक औषधापुढे काढणीपूर्वी किती दिवस थांबायचे तेही दिलेले असते. दुकानदाराने ‘जैविक’ म्हणून दिलेल्या, बाटलीवर घटक न लिहिलेल्या द्रावणापासून मात्र जपावे. त्यात काय मिसळले आहे ते बहुधा प्रयोगशाळेचा अहवाल आल्यावरच कळते. शिवाय युरोपातील मोठ्या दुकानसाखळ्या ग्लोबलगॅप, म्हणजे चांगल्या शेती पद्धतींचे, प्रमाणपत्र मागतात आणि अनेकदा कायद्यापेक्षाही कडक अटी घालतात.

दुसरी अडचण मालाच्या प्रमाणाची आहे. चाळीस फुटी वातानुकूलित कंटेनरमध्ये साधारण १३ टनांच्या आसपास द्राक्षे बसतात. आपल्या अडीच एकरांत एकूण माल त्याहून जास्त निघेलही, पण मण्यांचा आकार, गोडी आणि रंग एकसारखा असलेला निर्यातक्षम माल एकाच तोडीत तेवढा मिळणे अवघड आहे. त्यातच २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातील अशांततेमुळे अनेक जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली आणि प्रवास दीड-दोन आठवड्यांनी वाढला. पूर्वशीतकरणात, म्हणजे तोडणीनंतर माल लगेच थंड करण्यात, हयगय झालेला किंवा देठ सुकलेला माल एवढा प्रवास सोसत नाही.

म्हणून माझे स्पष्ट मत असे, की यंदा स्वतःच्या नावाने कंटेनर पाठवण्याच्या भरीस पडू नये. प्लॉटची नोंदणी करावी, नमुना तपासून घ्यावा, आणि अहवाल चांगला आला तर परिसरातील शेतकरी उत्पादक कंपनीमार्फत किंवा जुन्या निर्यातदारामार्फत माल द्यावा. पुढील एप्रिलपासून चार-पाच शेजाऱ्यांना सोबत घेऊन तयारी केली, तर त्यानंतरच्या हंगामात स्वतंत्रपणे उतरता येईल.

न वटलेल्या धनादेशाचा आपला अनुभव कटू आहे, पण निर्यातीमुळे बुडीताचा धोका संपतो असे समजू नये. इथे तो समुद्रापलीकडे जातो एवढेच. युरोपातील बरीच द्राक्षे ‘कन्साइनमेंट’वर जातात, म्हणजे माल विकला गेल्यावर कमिशन व खर्च वजा करून रक्कम येते, आणि माल खराब पोहोचल्याचा अहवाल आला तर ती आणखी घटते. त्यामुळे करारात किमान हमी दर लिहून घ्यावा, आणि माल उतरताच त्रयस्थ संस्थेकडून गुणवत्ता तपासणी होईल अशी अट घालावी. खरेदीदाराने पैसे थकवल्यास भरपाई देणारा विमा केंद्र सरकारच्या ईसीजीसी या कंपनीकडे मिळतो, आणि खरेदीदाराची पत तपासण्याचे कामही त्यातून होते. पहिल्या व्यवहारात हा खर्च टाळू नये.

प्रश्न : द्राक्षांऐवजी बेदाणा पाठवणे सोपे नाही का? तो नाशवंत नाही. (कवठेमहांकाळ येथील वाचक)

उत्तर : टिकण्याच्या दृष्टीने सोपे आहे. शीतगृहात ठेवून दर पाहता येतो, ही सवड ताज्या द्राक्षाला नाही. मात्र तासगाव-सांगलीच्या सौद्यात ज्या झळाळीला दर मिळतो, ती अनेकदा गंधकाच्या धुरीतून आलेली असते. युरोपीय संघात बेदाण्यातील सल्फर डायऑक्साइडची कमाल मर्यादा किलोमागे २,००० मिलिग्रॅम आहे, आणि १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त सल्फाइट असल्यास तसा उल्लेख वेष्टनावर करावा लागतो. बुरशीपासून तयार होणाऱ्या ऑक्राटॉक्सिन या विषाचीही तपासणी होते. शेडवर वाळत असताना पावसात भिजलेला माल चांगल्या मालात मिसळला, तर सगळा लॉट नापास होऊ शकतो. आणखी एक गोष्ट विसरली जाते : वाळल्यावर वजन साधारण चौपटीने घटते, त्यामुळे द्राक्षात राहिलेले औषधाचे अंश बेदाण्यात दाट होतात. निर्यातीस नापास झालेल्या बागेचा माल रॅकवर टाकून बेदाणा म्हणून परदेशी पाठवू, हा हिशेब त्यामुळे चुकतो.

प्रश्न : सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे. मी मिरज तालुक्यात हळद पिकवतो. मला पेट्यांवर ते चिन्ह छापता येईल का? (एक हळद उत्पादक)

उत्तर : आपोआप नाही. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये मानांकन मिळाले, पण १९९९ च्या कायद्यानुसार त्याचा वापर करण्यासाठी प्रत्येक उत्पादकाला ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून चेन्नईच्या भौगोलिक मानांकन नोंदणी कार्यालयाकडे स्वतंत्र नोंद करावी लागते. दुसरे असे, की हळद मसाल्यात मोडत असल्याने तिच्या निर्यातीसाठी अपेडाऐवजी मसाले मंडळाचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. परदेशी खरेदीदार आधी कुरकुमिनचे, म्हणजे हळदीला पिवळा रंग देणाऱ्या घटकाचे, प्रमाण विचारतो आणि लगोलग शिशाची तपासणी मागतो, कारण रंग खुलवण्यासाठी लेड क्रोमेट हे शिसेयुक्त पिवळे रंगद्रव्य वापरल्याची प्रकरणे मसाल्यांच्या व्यापारात घडलेली आहेत. म्हणून पॉलिशला देण्यापूर्वीच लॉटचा नमुना वेगळा काढून तपासून घ्यावा, आणि पॉलिशच्या ड्रममध्ये बाहेरचा कोणताही रंग पडणार नाही याची खात्री स्वतः उभे राहून करावी.