ऐकून अभ्यास केला तर तो वाचायचं विसरेल का?

“मॅडम, आधीच त्याला पुस्तक नको असतं. त्यात तुम्ही सांगताय धडे रेकॉर्ड करून ऐकवा. मग तो वाचायचं पार विसरून नाही का जाणार?”

डिस्लेक्सिया, म्हणजे वाचन अक्षमता असलेल्या मुलांचे आईवडील हा प्रश्न हमखास विचारतात. कुणी म्हणतं आळशी होईल, कुणी म्हणतं आयतं ऐकायची सवय लागेल, एखादे आजोबा तर ‘ही कॉपीच झाली की’ असंही म्हणतात. मायेपोटीच येतो हा प्रश्न. त्याचं उत्तर मी सुजयच्या गोष्टीतून देते. नाव बदललं आहे, ओळख पटेल असे तपशीलही.

सुजय माझ्याकडे आला तेव्हा दहावीची शाळा नुकतीच सुरू झाली होती. कराडच्या बाजूचं गाव, मराठी माध्यमाची शाळा. वडिलांचं वेल्डिंगचं दुकान, आई अंगणवाडी सेविका. आठवीत असताना सरकारी रुग्णालयात त्याच्या सगळ्या तपासण्या झाल्या होत्या. डोळे ठीक, कान ठीक, बुद्ध्यांक सरासरीपेक्षा जरा वरच. डिस्लेक्सिया ज्यात मोडतो त्या अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्रही हातात होतं, पण ते कपाटात साड्यांखाली पडून होतं. शाळेत दिलं तर पोरावर शिक्का बसेल, असं वडिलांचं म्हणणं. नववीत दोन विषयांत कसाबसा काठावर पास झाला, तेव्हा आईनं हट्ट धरून सगळ्यांना माझ्याकडे आणलं.

वडिलांना समजावत बसण्यापेक्षा मी सुजयला त्याचं इतिहासाचं पुस्तक काढायला सांगितलं. पहिलाच धडा, ‘इतिहासलेखन : पाश्चात्त्य परंपरा’. शीर्षकावरच गाडी अडली. “पाश… पाशचा…” आणि मग अंदाजानं “पश्चिम”. अंदाज अर्थाच्या दृष्टीनं बरोबर होता, हे मी मनात टिपून ठेवलं. पुढे वाचताना घामाघूम झाला. रफार सुटत होते, जोडाक्षरं फुटत होती. पहिली वेलांटी लिहायची अक्षराच्या आधी आणि म्हणायची नंतर, हा आपल्या लिपीतला साधा नियम अशा मुलाला प्रत्येक शब्दाला नव्यानं सोडवावा लागतो. एक परिच्छेद संपला. काय वाचलंस, असं विचारल्यावर म्हणाला, “इतिहासाबद्दल काहीतरी.”

मग त्याच धड्यातला फ्रेंच विचारवंत व्हॉल्टेअरवरचा परिच्छेद मी वाचून दाखवला. तेवढाच अवघड, भाषाही तीच. सुजय खिडकीबाहेर बघत ऐकत होता. संपल्यावर सांगायला लागला, “तो म्हणतो नुसत्या घटना आणि सनावळ्या नाही लिहायच्या. लोक शेती कशी करायचे, व्यापार कसा चालायचा, तेपण लिहायचं.” थोडं थांबून त्यानंच विचारलं, “मग आमच्या पुस्तकात इतकी वर्षं राजेच का होते?”

वडील त्याच्याकडे बघतच राहिले. “हे तू शाळेत का नाही बोलत?”

“शाळेत आधी वाचून दाखव म्हणतात.”

सगळं प्रकरण या एका वाक्यात होतं. गफ आणि टनमर या संशोधकांनी १९८६ साली वाचनाचं एक साधं सूत्र मांडलं. वाचून समजणं म्हणजे अक्षरांचा उलगडा गुणिले भाषेची समज. दोन्हींतलं एक शून्याकडे गेलं की गुणाकारही शून्याकडे जातो. सुजयची भाषेची समज उत्तम आहे, अडतं ते अक्षरांच्या उलगड्यात. चढ चढता चढताच सगळी ताकद संपते आणि वर पोचेपर्यंत देवळाचं दार बंद झालेलं असतं, असं या मुलांचं रोज होतं.

आता मूळ प्रश्नाकडे येते. ऐकण्यानं वाचन मागे पडतं का? वाचनाचा सराव बंद केला तर पडेल. म्हणून तो बंद करायचा नसतो. सुजयचा रोजचा थोडा वेळ विशेष शिक्षिकेनं दिलेल्या सरावासाठी राखला होता. जोडाक्षरं फोडून वाचणं, पातळीला साजेसे सोपे उतारे मोठ्यानं वाचणं. त्या वेळी रेकॉर्डिंग बंद. पण विज्ञान, इतिहास, भूगोल शिकण्यासाठी त्याचं वाचन सुधारायची वाट बघत बसायचं नाही. कारण वाट बघण्यात फार मोठं नुकसान होतं. वर्गातली बाकीची मुलं दरवर्षी पुस्तकांतून शेकडो नवे शब्द, नव्या कल्पना उचलत असतात. हा मुलगा त्याला मुकतो. मग उद्या अक्षरं जुळायला लागली तरी शब्दच ओळखीचा नसतो, आणि तेव्हा खरोखरच समज कमी पडायला लागते. ऐकलेलं पुस्तक ही तूट पडू देत नाही. ‘आनुवंशिकता’ हा शब्द कानावरून दहा वेळा गेलेला असला की तो छापलेला दिसल्यावर ओळखायला कमी कष्ट पडतात. नुसतं ऐकल्यानं अक्षरं सुधारतील असं मात्र मी कुणालाही सांगत नाही. ती सरावानंच सुधारतात, आणि हळूहळूच.

वडिलांचा पुढचा प्रश्न टोचणारा होता. “हे आंधळ्यांसाठी असतं ना? माझा पोरगा आंधळा आहे का?”

अशी पुस्तकं दृष्टिहीनांसाठीच सुरू झाली, हे खरं आहे. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धात डोळे गमावलेले सैनिक कॉलेजात शिकायला निघाले, तेव्हा त्यांना पाठ्यपुस्तकं वाचून कोण दाखवणार हा प्रश्न होता. १९४८ साली न्यूयॉर्कमध्ये अ‍ॅन मॅकडोनाल्ड यांनी स्वयंसेवकांना घेऊन तबकड्यांवर पुस्तकं वाचून घ्यायला सुरुवात केली. पुढे डिस्लेक्सियाची मुलंही ही पुस्तकं इतकी वापरू लागली की १९९५ साली त्यांच्या संस्थेनं आपल्या नावातच ‘डिस्लेक्सिक’ हा शब्द घातला. हे मी वडिलांना सांगितलं आणि पुढे म्हटलं, छापलेलं पान ज्याच्यापर्यंत पोचत नाही, त्याच्यासाठी हे पुस्तक आहे. कुणाचं डोळ्यांमुळे अडतं, कुणाचं अक्षरांमुळे. आपल्याकडच्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानंही विशिष्ट अध्ययन अक्षमतेला यादीत जागा दिली आहे. ते प्रमाणपत्र कपाटात ठेवलं की हक्कही कपाटातच राहतो.

ते लगेच पटले, असं नाही. “दिवाळीपर्यंत बघू,” एवढंच म्हणाले. मला तेवढं पुरेसं होतं.

रेकॉर्डिंग करायचं कुणी, हा पुढचा विषय. मराठी पाठ्यपुस्तकाची पीडीएफ फोनला वाचायला लावता येते, पण पुष्कळदा फाँट जुन्या पद्धतीचा असतो आणि फोन भलतंच काहीतरी बरळतो. ‘सुगम्य पुस्तकालय’ हे छापील पान वाचता न येणाऱ्यांसाठी २०१६ साली सुरू झालेलं ऑनलाइन ग्रंथालय आहे, मुंबईत ‘नॅब’ या दृष्टिहीनांसाठी काम करणाऱ्या संस्थेचं बोलक्या पुस्तकांचं ग्रंथालय आहे. तिथं जरूर शोधावं. पण हवं ते पुस्तक हव्या त्या वेळी मिळेलच असं नाही, आणि दहावीचं वर्ष थांबत नाही. सुजयची आई म्हणाली, “मी वाचते.” मग तिलाच शंका आली. पुस्तकावर तर छापलंय, परवानगीशिवाय काही घेता येणार नाही. शंका रास्त होती. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली, त्यानुसार दिव्यांग व्यक्तीला वापरता येईल अशा रूपात पुस्तक तयार करायला मुभा आहे. आपल्या मुलासाठी, त्याच्यासारख्याच दुसऱ्या मुलासाठी खुशाल करावं. मात्र सगळ्या जगासाठी यूट्यूबवर टाकायचं नाही, ही मुभा तेवढ्यासाठी नाही.

आईनं फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं. पहिल्या फायलींत कुकरच्या शिट्ट्या आहेत, शेजारणीची हाक आहे. सुजयला त्याचं काहीच वाटलं नाही. त्याची अडचण वेगळीच होती. तो रात्री पांघरूण घेऊन ऐकायचा आणि पाचव्या मिनिटाला झोपायचा. सकाळी आई विचारायची, काय ऐकलंस? उत्तर कोरं. “बघा, ऐकूनही काही होत नाही,” असा वडिलांचा फोन आला.

ऐकणं ही शिकण्याची गोष्ट आहे, आणि ती मला डोळसांपेक्षा दृष्टिहीन विद्यार्थ्यांकडून जास्त चांगली समजली आहे. माझ्या ओळखीची एक मुलगी तेव्हा बीए करत होती, राज्यशास्त्र घेऊन. जन्मापासून दिसत नाही. सगळं शिक्षण ब्रेल आणि रेकॉर्डिंगवर झालेलं. तिच्या संमतीनं मी सुजयची तिच्याशी गाठ घालून दिली. तिनं आधी त्याला झाडलंच. “झोपून ऐकतोस? मग झोपच येणार. टेबलाशी बस.” तिची पद्धत तिनं सांगितली ती अशी. धड्याच्या शेवटचा स्वाध्याय आधी ऐकायचा, म्हणजे कशाकडे कान ठेवायचा ते कळतं. मग धडा ऐकायचा, दर परिच्छेदाला थांबवायचा आणि ऐकलेलं आपल्या शब्दांत मोठ्यानं बोलायचं. बोलता आलं नाही तर परत मागे. तोच धडा दुसऱ्यांदा ऐकताना वेग वाढवायचा. ती स्वतः दुप्पट वेगानं ऐकते. मी तिच्या फोनवरचा आवाज ऐकला तेव्हा मला एक वाक्य धड कळलं नाही, आणि ती त्याच वेगात टिपणं काढत होती.

आईलाही तिनं सूचना दिल्या. अख्खा धडा एका फायलीत नको, उपशीर्षकागणिक वेगळी फाइल करा आणि सुरुवातीला पान क्रमांक बोला. दृष्टिहीनांसाठी ‘डेझी’ पद्धतीची पुस्तकं असतात, त्यांत प्रकरण, पान, वाक्य अशी उडी मारता येते. घरच्या फोनवर निदान एवढं तरी साधता येतं. चौकटीतला मजकूर गाळू नका. आणि तिची सगळ्यात जुनी तक्रार, जी प्रत्येक वाचकानं लक्षात ठेवण्यासारखी आहे. “लोक ‘आकृती पहा’ एवढं वाचतात आणि पुढे जातात. मी काय पाहू? त्यात काय आहे ते सांगा ना.” सुजयला आकृती दिसते, पण तिच्यातली नावं वाचता येत नाहीत. म्हणजे वर्णन त्यालाही हवंच होतं.

दिवाळीच्या आधी एक घडलं. विज्ञानाचा ‘विद्युतधारेचे परिणाम’ हा धडा आईला जमेना. वडिलांनी दुकान बंद केल्यावर तो वाचून दिला. वितळतार म्हणजे फ्यूज, लघुपरिपथन म्हणजे शॉर्टसर्किट, हे तर त्यांच्या रोजच्या कामातलं. वाचता वाचता मध्येच ते स्वतःचे अनुभव सांगतात, कुठल्या गिऱ्हाइकाकडे वायर कशी जळली वगैरे. मी त्यांना एवढंच सुचवलं की आपलं काही सांगताना ‘हे पुस्तकातलं नाही’ असं म्हणा, म्हणजे उत्तरात त्याचा घोळ होणार नाही. तो धडा सुजयला तोंडपाठ नव्हे, समजून झाला. सहामाहीत त्या प्रश्नाला पूर्ण गुण मिळाले आणि त्याच आठवड्यात वडील प्रमाणपत्र घेऊन शाळेत गेले.

गणितात मात्र ऐकण्याचा फारसा उपयोग झाला नाही. समीकरण कानानं ऐकताना कंस कुठं संपला तेच कळत नाही. शाब्दिक उदाहरण तेवढं ऐकायचं आणि सोडवायचं कागदावर, असं आम्ही ठरवलं.

बोर्डाच्या परीक्षेत त्याला लेखनिक आणि तासाला वीस मिनिटं जादा वेळ मिळाला. त्याची तयारी डिसेंबरपासून केली, कारण उत्तर सांगून लिहून घेणं हेही वेगळं कसब आहे. नववीतला एक मुलगा लेखनिक होता. तो प्रश्न वाचायचा, सुजय सांगायचा. सुरुवातीला सुजय इतक्या घाईनं बोलायचा की लेखनिकाचा हातच चालेना. वाक्य सांगायचं, थांबायचं, ‘नवा मुद्दा’ असं म्हणायचं, हे सरावानं बसलं.

सुजय दहावी प्रथम श्रेणीत पास झाला आणि आयटीआयला गेला. त्याचं वाचन अजून संथ आहे, पण आधीपेक्षा खूप बरं आहे. शिकवणाऱ्यांनी दिलेल्या मराठी नोट्स तो आता कष्टानं का होईना स्वतः वाचतो. इंग्रजी पुस्तिका आली की फोनचा कॅमेरा धरून ऐकतो. ‘पुस्तक हातात तरी घेईल का’ असं विचारणाऱ्या वडिलांनी मला मध्यंतरी कळवलं की पुस्तक आणि इअरफोन दोन्ही एकदम बॅगेत असतात.

तुमच्या घरी असा मुलगा किंवा मुलगी असेल तर एक धडा निवडा. अर्धा त्यांना वाचू द्या, अर्धा तुम्ही वाचून दाखवा आणि दोन्हींवर सारखेच प्रश्न विचारा. उत्तरांत ठळक फरक दिसला तर तपासणी करून घ्या. तपासणीच्या तारखा मिळायला आणि प्रमाणपत्र हातात यायला वेळ लागतो. सवलतींचा प्रस्ताव शाळेमार्फतच बोर्डाकडे जातो, तेव्हा दहावीची वाट बघू नका. आठवी-नववीतच मुख्याध्यापकांना भेटा, प्रमाणपत्राच्या चार झेरॉक्स काढून ठेवा, आणि रेकॉर्डिंग मात्र आज रात्रीपासून सुरू करा. त्याला कुणाची परवानगी लागत नाही.